कोरा घोडा माणसाळवायचा कसा (आणि मग दुसऱ्याच्या हाती द्यायचा कसा)

आधी एक क्लिअर करतो, खानदेशात रानटी घोडे नाहीत. भारतात तसे मोकळे कळप आसामात दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात आहेत. पण सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) घोडेबाजारात कधीकधी असं जनावर येतं ज्याला दाणापाणी सोडून माणसाचा काही संबंधच माहीत नाही, मोरखी (तोंडावर बांधायची दोरी) पाहिली की मागचे पाय उचलतं. ते स्वस्तात मिळतं म्हणून लोक घेतात, मग दोन महिन्यांनी गिऱ्हाईक शोधत फिरतात.

अमेरिकेत हाच घोळ मोठ्या प्रमाणावर झाला. 1971 च्या कायद्याने तिथल्या मस्टँग म्हणजे मोकाट रानटी घोड्यांना संरक्षण मिळालं, कळप वाढले, सरकार जादा घोडे पकडून दत्तक द्यायला लागलं पण न शिकवलेला घोडा घरी न्यायला कोण तयार होणार? म्हणून 2007 ला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला स्पर्धा सुरू झाली. ट्रेनरला रानातला घोडा द्यायचा, हातात साधारण 100 दिवस, शेवटी मैदानात तो हाताळून, चालवून, अडथळे पार करून दाखवायचा आणि मग लिलावात नवा मालक त्याला घेऊन जायचा. म्हणजे बक्षीस हे निमित्त, खरं काम घोड्याला घर मिळवून द्यायचं.

आता गंमत बघा, गणेश चतुर्थी ते दत्तजयंती मोजलं तर जवळपास 100 दिवसच होतात (मधे अधिक महिना आला तर सोडून). तेव्हा गणपती बसले की सुरू करा, दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेला घोडा तयार.

पहिलं काम कुंपण. गोल वाडा, 50-60 फूट व्यास, उंची 6 फूट, बल्ल्या किंवा पाइप चालतील पण काटेरी तार अजिबात नको. आपली काळी जमीन पावसात चिकट होते, घोडा घसरून पाय मोडायचा, म्हणून मुरूम आणि वर वाळूचा थर टाका (वाळू मिळवणं आजकाल घोडा शिकवण्यापेक्षा अवघड आहे ते वेगळं).

सुरुवातीचे दिवस नुसतं आत जाऊन बसा, खायला टाका, पाणी भरा, निघून या. घोड्याला दोन्ही बाजूंचं लांबपर्यंत दिसतं पण नाकासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, तेव्हा समोरून किंवा मागून जाऊच नका, खांद्याच्या रोखाने तिरकं चालत जा आणि डोळ्यात डोळे घालू नका. तो कान तुमच्याकडे वळवून थांबला की लगेच तुम्ही दोन पावलं मागे. सगळी विद्या इथेच आहे भाऊ. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाने शिकतो, म्हणून त्याने बरोबर केलं आणि तुम्ही तरी दोर ओढतच राहिलात तर तो उलटंच शिकणार. तो ओठ चाटायला लागला, मान खाली घातली, मोठा श्वास सोडला की समजा ढिला पडतोय.

पहिला स्पर्श तोंडाला नाही. लांब काठीच्या टोकाला फडकं बांधून मानेच्या बुडाशी, खांद्यावर घासा, मग हाताने, मग खरारा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात म्हणून ती जागा त्यांना आवडते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या शिकवायच्या, डावीकडून शहाणा झालेला घोडा उजवीकडून गेलात की परत नवखा.

मग मोरखी, दोर ओढला की त्या बाजूला मान वळवणं, मागोमाग चालणं. त्यानंतर पाय उचलणं, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ घाला कारण नालबंद शिव्या देत परत गेला तर तो घोडा कुणीच ठेवणार नाही. खोगीर आणि पाठीवर बसणं त्यामानाने पटकन होतं, फक्त वय तीनच्या खाली असेल तर बसू नका. सेशन सकाळी गार असताना, वीस-पंचवीस मिनिटं, बास.

आपल्याकडे नाच आणि रेवाल (धक्का न देणाऱ्या वेगवान) चालीला भाव आहे, मान्य. पण नाचणारा घोडा पिकअपमध्ये चढेना तर काय उपयोग? तालुक्यातली पोरं मिळून छोटी स्पर्धा घेणार असाल तर निम्मे मार्क एकाच गोष्टीला ठेवा, अनोळखी माणसाने घोडा पकडायचा, चारही पाय उचलायचे आणि गाडीत चढवायचा. ट्रेनरने लांब उभं राहून बघायचं.

देताना धनुर्वाताची लस झालेली हवी आणि ग्लँडर्सची तपासणी केलेलीच हवी, तो रोग माणसालाही होतो. घेणाऱ्याला दोन-चारदा बोलवा, त्याच्याच हाताने सगळं करून घ्या, जमत नसेल तर कितीही पैसे देवो, नाही म्हणा. सोबत आठवड्याभराचा तुमचाच कडबा आणि हरभरा द्या, नवीन खाणं हळूहळू मिसळायला सांगा, एकदम बदललं की पोटशूळ उठतो. आणि पहिले दोन-तीन आठवडे छोट्या बंद वाड्यातच ठेवायचा, मोकळ्या शेतात सोडला तर तो शेजाऱ्याच्या केळीत सापडेल आणि फोन तुम्हालाच येईल.