आर्द्रता सतत जास्त का दाखवली जात होती

माझ्या कोरड्या-ओल्या तापमापकांच्या जोडीवरून काढलेली सापेक्ष आर्द्रता काही आठवड्यांपासून, ऐन कोरड्या दुपारीसुद्धा, संशय यावा इतकी जास्त येत होती. या जोडीतील ओल्या तापमापकाच्या फुग्याला (पाऱ्याच्या खालच्या टोकाला) भांड्यातल्या पाण्यात बुडवलेल्या कापडाची वात गुंडाळलेली असते; पाणी उडून जाताना तो फुगा थंड होतो, आणि दोन्ही वाचनांतला फरक जितका कमी, तितकी आर्द्रता जास्त निघते. कोरडा तापमापक ३२ अंश सेल्सिअस दाखवत असताना ओल्याचे वाचन २५ ऐवजी २७ आले, तर आर्द्रता सुमारे ११ टक्क्यांनी फुगते. त्यामुळे चूक लहान म्हणून सोडून देता येत नव्हती.

प्रथम मी कापडाची वात काढून, दोन्ही फुगे पुसून, त्यांना अर्धा तास सावलीत शेजारी ठेवले. वाचने जुळली, म्हणजे तापमापक निर्दोष होते. दोष वातीतच होता: नळाच्या पाण्यातील क्षार साचून ती कडक झाली होती, पाणी वर चढत नव्हते आणि बाष्पीभवन मंदावल्यामुळे फुगा पुरेसा थंड होत नव्हता.

नवी मलमल तशीच बांधण्याची घाई मी केली आणि ती फसली, कारण कोऱ्या कापडातील खळ पाणी शोषू देत नाही. मग ती धुण्याच्या सोड्यात उकळून, स्वच्छ खळबळून, फुग्यावर एकच घट्ट पदर बसवला. भांड्यात ऊर्ध्वपातित पाणी भरले आणि ते फुग्यापासून थोडे दूर सरकवले, नाहीतर त्याचीच वाफ वाचन बिघडवते. पंधरा मिनिटांत ओल्या तापमापकाचा पारा दोन अंशांनी उतरला. आता वात पिवळी पडण्याची वाट न पाहता मी ती दर आठवड्याला बदलतो.