कमी खर्चातला गेमिंग संगणक: जोडून घ्यावा की तयार?

सुटे भाग आणून जोडलेला संगणक नेहमीच स्वस्त पडतो, असे इतक्या वेळा सांगितले जाते की बहुतेक जण हिशेब न करताच ते खरे धरून चालतात. पुष्कळदा ते खरे असतेही. परंतु २०२० आणि २०२१ या वर्षांत ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा पडला, तेव्हा सुटे कार्ड मूळ किमतीला मिळणे दुरापास्त झाले होते आणि तयार संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र ती घाऊक मिळत होती. त्यामुळे केवळ आतले कार्ड हवे म्हणून अख्खा संगणक विकत घेणारे ग्राहकही निघाले. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हाही आधीचे अंदाज असेच कोलमडले. म्हणून हा निर्णय ऐकीव समजुतीवर न सोपवता दोन्ही पर्यायांचे एकाच दिवसाचे भाव समोर ठेवून घ्यावा.

त्याआधी मॉनिटर ठरवणे आवश्यक आहे. १९२० × १०८० च्या पडद्यावर ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चित्रासाठी सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, तर २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख. कमी खर्चात गेम खेळायचे असतील तर पहिल्याच पडद्यावर समाधान मानणे शहाणपणाचे आहे. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि विंडोजचा परवाना यांचे पैसे बाजूला काढल्यावर जी रक्कम उरते तीच खरी संगणकाची रक्कम, आणि तिच्यातला एक तृतीयांश ते जवळजवळ निम्मा वाटा ग्राफिक्स कार्डावर खर्च व्हावा. महागडा प्रोसेसर आणि किरकोळ कार्ड ही जोडी ऑफिसच्या कामाला शोभते, गेमिंगला नाही.

आता आवडलेल्या तयार संगणकाची जाहिरात घ्यावी आणि तिच्यातला एकेक भाग कागदावर उतरवावा. प्रोसेसरचे आणि कार्डाचे नाव ठळक अक्षरांत असतेच. लक्ष द्यायचे ते ज्या भागांचे नावच दिलेले नाही त्यांच्याकडे, कारण बचत बहुधा तिथेच केलेली असते. ‘१६ जीबी रॅम’ असे लिहिलेले असते, पण ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांची आहे की १६ जीबीच्या एकाच पट्टीची, हे लिहिलेले नसते. एकच पट्टी असेल तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधला एकच मार्ग वापरात येतो आणि काही गेममध्ये त्याचा फटका स्पष्ट जाणवतो. ‘५०० वॅट एसएमपीएस’ (संगणकाला वीज पुरवणारा भाग) असे वाचून काहीच कळत नाही, कारण तो कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मॉडेलचा हे महत्त्वाचे असते. ‘८० प्लस’ हे चिन्हही वीज किती वाया जाते एवढेच सांगते, एसएमपीएस किती टिकाऊ आहे हे सांगत नाही.

कार्डाचे नाव दिलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने ८ जीबीचे आणि ६ जीबीचे अशी दोन कार्डे विकली जातात. फरक केवळ मेमरीचा आहे असे वाटते, प्रत्यक्षात पहिल्यात २५६० कोअर (गणिते करणारे छोटे घटक) आहेत आणि दुसऱ्यात २३०४. पहिले १३० वॅट वीज घेते, दुसरे ७० वॅट. त्यामुळे जाहिरातीत मेमरीचा आकडा गाळलेला असेल तर विकणाऱ्याला तो लेखी विचारावा. त्याच वेळी मदरबोर्ड (ज्यावर बाकीचे भाग जोडतात तो बोर्ड) आणि एसएमपीएस प्रमाणित मापाचे आहेत का, हेही विचारून घ्यावे. काही तयार संगणकांत कंपनीच्या स्वतःच्या मापाचा बोर्ड आणि वेगळ्या पिनांची जोडणी असते. मग दोन वर्षांनी मोठे कार्ड बसवायचे म्हटले की बाजारातला एसएमपीएस चालत नाही आणि बोर्ड दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसत नाही.

यानंतर तेच किंवा त्याच तोडीचे भाग घेऊन सुट्या भागांची यादी करावी आणि तिच्यात विंडोजची किंमत न विसरता धरावी. तयार संगणकात ती बहुधा आधीच धरलेली असते. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीचा एएम ४ सॉकेट (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) २०१६ पासूनचा आहे आणि त्यावर डीडीआर ४ या जुन्या प्रकारची रॅम चालते, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ ला नवी डीडीआर ५ लागते. पहिला स्वस्त पडतो, पण त्यावर पुढे नवा प्रोसेसर चढवण्याचा रस्ता जवळजवळ संपलेला आहे. दोन्ही बेरजांतला फरक एकूण किमतीच्या दहाव्या भागाहून कमी असेल आणि तयार संगणकातले भाग नावानिशी कळलेले असतील, तर माझ्या मते तयार संगणक घ्यावा. फरक मोठा असेल, किंवा विकणारा भागांची नावे सांगायला टाळाटाळ करत असेल, तर स्वतः जोडावा.

जोडणीची भीती मात्र अवाजवी आहे. चांगला स्क्रूड्रायव्हर आणि एक मोकळी दुपार एवढे पुरते. प्रोसेसर खुणेचा त्रिकोण जुळवून अलगद ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. रॅमच्या दोन पट्ट्या चार खाचांपैकी बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात, तरी बोर्डाची पुस्तिका पाहावी. नवख्यांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक अगदी साधी आहे: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावणे. खरी अडचण जोडताना येत नाही, संगणक सुरूच झाला नाही तर येते. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असल्यामुळे दोष कोणत्या भागात आहे हे आपल्यालाच शोधावे लागते, आणि बदलून पाहायला दुसरा भाग हाताशी नसेल तर ते काम कंटाळवाणे होते. तयार संगणकात हा त्रास विकणाऱ्याचा असतो. त्याची किंमत प्रत्येकाने आपल्या स्वभावाप्रमाणे लावावी.

रक्कम फारच कमी असेल तर वापरलेला ऑफिसचा संगणक घेऊन त्यात कार्ड बसवणे हा तिसरा मार्ग आहे. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते, म्हणून वर ज्याच्याविषयी सावध केले तेच ७० वॅटचे, ६ जीबीचे ३०५० येथे सोयीचे ठरते. मात्र विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर, म्हणजे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, आहे ना हे पाहावे. आणि कार्ड मागवण्यापूर्वी कॅबिनेटच्या आतली उंची पट्टी लावून मोजावी.

कोणताही मार्ग निवडला तरी माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो हा रॅमच्या वेगाचा पर्याय सुरू नसेल तर रॅम जाहिरातीतल्या वेगापेक्षा कमी वेगाने चालते. तो सुरू करावा. मग एखादा जड गेम तासभर चालवून तापमान पाहावे आणि पंख्यांचा आवाज ऐकावा.