हिवाळ्यातील सामूहिक पायी फेरी: साताऱ्यातील मंडळांसाठी

दिवाळी सरून थंडी पडू लागली की साताऱ्यात रविवारच्या पायी फेऱ्यांना गर्दी होते, आणि एरवी आठ-दहा जणांच्या गटात तीस-चाळीस माणसे जमतात. एवढ्या लोकांना घेऊन निघायचे तर ठिकाण आणि अंतर व्हॉट्सअॅपवर कळवून भागत नाही. सर्वांत आधी परतण्याची वेळ ठरवावी आणि तिच्यावरून उलटा हिशेब करून मार्ग निवडावा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दहानंतर ऊन चांगलेच लागते. त्यामुळे पावणेसातला निघून दहापर्यंत परतणे सोयीचे पडते. मिश्र वयाचा गट नाश्त्याचा वेळ धरून तेवढ्यात सपाटीवर आठ-नऊ किलोमीटर चालतो, चढ असल्यास त्याहून बराच कमी.

शहरातली फेरी राजवाड्यापासून सुरू करून चार भिंती या स्मारकापाशी आणि पुढे अजिंक्यतारा किल्ल्यावर न्यावी. किल्ला शहरापासून सुमारे 300 मीटर उंच असला तरी वर डांबरी रस्ता जातो, म्हणून गुडघ्याच्या तक्रारी असलेल्यांनाही तो झेपतो. मात्र त्याच रस्त्यावर दुचाक्याही असतात, तेव्हा गप्पांच्या नादात चौघाचौघांनी रस्ता अडवून चालू नये. ज्यांना पूर्ण चढ नको असेल त्यांनी चार भिंतींपाशी थांबावे, तेथून शहर छान दिसते, आणि हा पर्याय निघण्यापूर्वीच जाहीर करावा, म्हणजे मध्येच थांबण्याचा संकोच कोणाला वाटत नाही. कड्याला किंवा झाडाला आग्या मोहोळ दिसल्यास दगड मारणे, धूर करणे, आरडाओरड करणे हे सर्व टाळावे. तीव्र वासाचे अत्तर लावून न येण्याची सूचना आदल्या दिवशीच द्यावी. उतरताना पायवाटेवरचा सुटा मुरूम पावसाळ्यातल्या चिखलापेक्षा जास्त पाय घसरवतो, म्हणून झिजलेल्या तळाचे बूट नकोत. याच दिवसांत गवत वाळून कुसळे सुटलेली असतात. लोकरीच्या मोज्यांत ती इतकी घट्ट रुततात की एकेक चिमटीने ओढून काढावी लागते, आणि तेवढ्यात सगळा गट खोळंबतो. पायवाटेने जायचे असल्यास गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची विजार घालणे बरे.

ग्रामीण फेरीसाठी संगम माहुली हे जवळचे आणि सोपे ठिकाण आहे. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर पहाटे धुके साठते, कारण थंड, जड हवा नदीच्या खोलगट भागात उतरून राहते. म्हणून शहरात स्वच्छ दिसत असले तरी फिक्या रंगाचे कपडे आणि बॅटरी बरोबर हवी. थोडे लांब जायचे असल्यास लिंबची बारा मोटांची विहीर पाहावी. अठराव्या शतकातील ही भव्य अष्टकोनी विहीर पाहायला अर्धा तास तरी लागतोच. तेथपर्यंत महामार्गाच्या कडेने चालत जाण्याचा हट्ट करू नये. एसटीने किंवा गाडीने लिंबला पोहोचून शेतरस्त्यांनी फिरावे.

ग्रामीण रस्त्यांवर खरी काळजी घ्यायची ती ऊसवाहतुकीची. गाळप हंगाम ऐन थंडीतच जोरात असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारातच निघालेले असतात. त्यांच्या बाजूंना ऊस बाहेर आलेला असतो, कित्येकदा मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते, आणि वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला सरकते. म्हणून समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने एका रांगेत चालावे, ट्रॅक्टरचा आवाज येताच रस्ता सोडून बाजूला उभे राहावे आणि वळणावर मुळीच थांबू नये. ट्रॉलीतून ऊस ओढून घेण्याची हौस शाळकरी मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त असते. ती कडकपणे बंद करावी. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असू शकतो, म्हणून उजाडण्यापूर्वी फडाच्या कडेला कोणी एकट्याने जाऊ नये.

गटाचा वेग सर्वांत मागे असलेल्याचा असावा. पुढे वाट माहीत असलेला एक आणि शेवटी अनुभवी असा एक माणूस नेमावा. शेवटच्याच्या मागे कोणीही राहू नये आणि प्रत्येक फाट्यावर डोकी मोजल्याशिवाय पुढच्याने पाऊल टाकू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे आणि पहिली दहा मिनिटे सर्वांनीच सावकाश चालावे. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नये. एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ थर घातल्यास ऊन आल्यावर एक काढून पिशवीत टाकता येतो. 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांना माहीत असतो, पण आपण नेमके कोठे आहोत हे सांगता येत नाही. शेवटच्या माणसाने गावाचे आणि फाट्याचे नाव वाटेत विचारून ठेवावे.