पिल्लाच्या छातीतला खळगा: ऑपरेशनआधीची तयारी

आमचं मांजरीचं पिल्लू उताणं झोपलं की छातीच्या मधोमध करंगळी टेकेल एवढा खळगा दिसायचा. मधलं हाड आत दबलेलं. असं पिल्लू तुमच्याकडे असेल तर एक सांगते, 'जरा मोठं होऊ दे' म्हणत थांबू नका. साधारण ४ महिन्यांपर्यंतच कूर्चा (छातीतलं मऊ हाड) लवचिक असते आणि हाड बाहेर ओढता येतं. खळगा उथळ असेल तर ऑपरेशन लागतही नाही, तेव्हा तेही विचारून घ्या.

एक्स-रे सोबत न्या. छातीची रुंदी भागिले खोली, असा हिशेब त्यावरूनच काढतात; ३ च्या वर गेलं की दोष तीव्र. हृदय सरकल्यामुळे मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येतो का, की हृदयातच दोष आहे, हेही आधीच तपासून घ्या. तीन-चार रात्री पिल्लू गाढ झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजून वहीत लिहा. नंतर तुलनेला तीच वही कामाला येते.

उपाशी किती ठेवायचं हे सर्जनलाच विचारा. मला काउंटरवरून 'रात्री दहानंतर काही देऊ नका' असं सांगितलं होतं. पिल्लांची साखर पटकन उतरते, त्यांना जेमतेम काही तास पुरतात. डॉक्टरांना फोन केला तेव्हा वेळ बदलली. पाणी काढायचं नव्हतंच.

ठाण्यात कासारवडवलीहून नौपाड्याच्या दवाखान्यात यायचं तर घोडबंदर रोडसाठी तासभर हातात ठेवा. वरून उघडणारी टोपली घ्या, आत जुना टॉवेल. उचलताना छाती दाबू नका, बुडाखाली हात द्या.

खरी तयारी घरची. छातीखाली प्लास्टिकचा साचा बसवतात, हाडाभोवतून टाके फिरवून साच्याच्या भोकांतून बाहेर बांधतात. सुई आत दिसत नाही, हृदय आणि फुप्फुस लागूनच, म्हणून धोका स्पष्ट विचारा. साचा दोन ते चार आठवडे राहतो, लादीवर खटखट वाजतो. शी-शूच्या ट्रेचा काठ बुटका हवा, नाहीतर साचा अडकतो. कडेखालची कातडी रोज बघा: ओल, वास, लाली. किचनच्या काट्यावर रोज वजन करा. आपल्या घरातली दुखण्याची गोळी कधीच नको. पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

तोंड उघडून श्वास किंवा निळसर हिरड्या दिसल्या तर लगेच निघायचं. म्हणून रात्री उघड्या दवाखान्याचा नंबर आदल्या दिवशीच घ्या, आणि रात्री अकराला एकदा लावून बघा, कोणी उचलतं का.