घरच्या घरी साइडकार: ब्रँडी, लिंबू आणि संत्र्याची साल

बेळगावात जून-जुलैची झड लागली की घराघरातल्या कपाटातून ब्रँडी बाहेर निघते. गरम पाण्यात दोन चमचे, वर मिरपूड, आणि नाव काय तर औषध. तीच बाटली जरा नीट वापरली तर साइडकार ही कॉकटेल होते. ब्रँडी, संत्र्याचं लिक्युअर (म्हणजे संत्र्याच्या वासाचं गोड मद्य) आणि लिंबू, एवढंच तिचं साहित्य. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिस-लंडनच्या बारमध्ये ती गाजली आणि १९२२ सालच्या कॉकटेलच्या पुस्तकांत तिची कृती छापून आली.

मूळ कृतीत फ्रान्सची कोन्याक ब्रँडी लागते. आपल्याकडे साधी ब्रँडी चालते, फक्त लेबल वाचून द्राक्षापासून केलेली घ्या. मळीच्या स्पिरिटमध्ये वास मिसळून केलेली ब्रँडी लिंबू पडताच उघडी पडते. चोर्ला घाटातून गोव्याची स्वस्त बाटली आणायचा मोह होतो, पण परवाना नसेल तर नाक्यावर बाटलीही जाते आणि वर केसही होते.

खरी अडचण लिक्युअरची. महाग, आणि दर दुकानात मिळेलच असं नाही. म्हणून आदल्या रात्री पाक करून ठेवा. दोन संत्र्यांची साल घ्या. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने निघते, पण आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढाच, नाहीतर कडवटपणा येतो. सालीचे तुकडे अर्ध्या वाटी साखरेत बोटांनी चुरा आणि झाकून ठेवा. सकाळी साखर ओली, पिवळसर झालेली दिसते आणि डबा उघडताच स्वयंपाकघरभर वास सुटतो. सालीतलं तेल साखरेने ओढून घेतलेलं असतं. त्यात पाव वाटी संत्र्याचा रस घालून ढवळा, साखर विरघळली की गाळून फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस टिकतो.

एका ग्लासचं माप असं: ब्रँडी ६० मिली, म्हणजे एक लार्ज पेग, पाक २० मिली, लिंबाचा रस १५ मिली. परदेशी कृतीत लिंबू २० मिली असतं, पण ते त्यांचं मोठं पिवळं लिंबू. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट. रस त्याच वेळी पिळा, बी पडू देऊ नका.

ग्लास आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी घ्या. मी पहिल्यांदा स्टीलचा टिफिन डबा वापरला होता. तिसऱ्या झटक्याला झाकण सुटलं, अर्धी ब्रँडी शर्टावर. बायको म्हणाली, “आता सर्दी होणार नाही बघा तुम्हाला.” बरणीत सगळं घाला, वर सात-आठ बर्फाचे खडे, आणि पंधरा सेकंद जोरात हलवा. बरणी हातात धरवेना इतकी गार झाली की थांबा, नाहीतर पाणी जास्त होतं.

ग्लासच्या अर्ध्याच काठाला लिंबू फिरवून तो साखरेत टेकवा. मग ज्याला गोड नको तो दुसऱ्या बाजूने पितो. चहाच्या गाळणीतून ओता, पण गाळणी नवी हवी. ग्लासवर सालीचा एक तुकडा मुरडून पिळा, बारीक तुषार उडतात, वास त्यातच असतो.

सोबत खारे शेंगदाणे ठेवा. कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई, अजिबात नको, त्याच्यावर ही साइडकार नुसती लिंबूपाण्यासारखी लागते.