एसीएलच्या ऑपरेशननंतर उड्या कधी आणि कशा सुरू करायच्या

कबड्डी, खो-खोवाल्या पोरापोरींचं एसीएलचं (म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालं की ३-४ महिन्यांत चालणं एकदम मस्त होतं आणि मग घरचे, कोच, स्वतः प्लेअर सगळेच म्हणतात झालं की बरं, जा आता मैदानात. थांबा जरा! चालणं वेगळं आणि उडी मारून उतरणं वेगळं. प्लायोमेट्रिक्समध्ये, म्हणजे उड्यांच्या व्यायामात, स्नायू आधी झटकन ताणला जातो आणि लगेच आकसून जोर लावतो, त्यामुळे गुडघ्यावर लोड खूप येतो.

सुरू करण्याआधी सूज नको, गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ८० टक्के हवी आणि सर्जन-फिजिओचा होकार हवाच.

पहिले काही आठवडे उडी नाहीच, फक्त उतरायला शिकायचं. जिन्याच्या एका पायरीएवढ्या उंचीवरून दोन्ही पायांवर उतरा आणि २-३ सेकंद तसेच थांबा. धप्पकन आवाज येतोय म्हणजे गुडघे-कंबर वाकत नाहीयेत. समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, गुडघा आत पडत असेल तर तो स्वतःला कळत नाही, व्हिडिओत लगेच दिसतो. हे नीट जमेपर्यंत पुढे जाऊ नका, सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

मग बॉक्सवर उडी (खाली मात्र पायरीने उतरायचं), मग जागच्या जागी दोन पायांवर, मग एका पायावर, आणि शेवटी बाजूला आणि वळून, कारण रेडरला तेच लागतं. सुरुवातीला एका दिवशी ४०-५० लँडिंग पुरेत, आठवड्यातून दोनदा, मध्ये ४८ तास गॅप. मॅट किंवा गवत चालेल, सिमेंटची गच्ची नको. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला तर एक स्टेप मागे.

एका पायावरच्या उडीत ऑपरेशनच्या पायाचं अंतर चांगल्या पायाच्या ९० टक्के आलं की लोक खूश होतात, पण इतके महिने बसून चांगला पायसुद्धा कमजोर झालेला असतो हे विसरतात, म्हणून नुसतं अंतर नाही, उतरताना गुडघा कसा राहतो तेही बघा. आणि मॅच ९ महिन्यांच्या आत नकोच, घाई करणाऱ्यांचा गुडघा परत जायचं प्रमाण जास्त असतं.

मॅचआधीचे शेवटचे काही आठवडे पार्टनरने ऐनवेळी हाताने दिशा दाखवायची आणि तुम्ही तिकडे उडी मारायची, मॅचमध्ये डिफेंडर काही आधी सांगून येत नाही.