तीन गाड्या खोलायच्या आधी

मागच्या मे महिन्यात नाशकात आमच्या सिडकोतल्या रो हाउससमोर तीन गाड्या एकदम खोलून पडल्या होत्या आणि नेमकं तेव्हाच रात्री साडेअकराला आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तिन्हीतली एक हलेना, शेवटी शेजारच्या काकांची वॅगनआर मागितली. काका काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी काकू बोलल्याच, "अरे तीन-तीन गाड्या ना रे तुमच्याकडे?" म्हणून या वेळी पान्याला हात लावायच्या आधी सगळं लिहून काढतोय. तुमच्या दारात पण अशा दोन-तीन म्हाताऱ्या गाड्या असतील तर बघा, कामाला येईल.

आधी गाड्या कोणत्या ते सांगतो. वडिलांची १९९८ची मारुती एट हंड्रेड, कार्बोरेटरवाली, विकायचा विषय काढला की वडील ताटावरून उठतात. मोठ्या भावाची ओम्नी, तो दिंडोरीकडे द्राक्षबाग बघतो त्यामुळे त्या गाडीत औषधाचे ड्रम, क्रेट, माणसं, एकदा तर बकरी पण गेलीये. आणि माझी लोगन डिझेल, महिंद्रा-रेनॉ एकत्र होते तेव्हा इथे नाशकातच बनलेली, रोज अंबडला कामावर मी तीच नेतो. कामं अशी की एट हंड्रेडचे मागचे ब्रेक आणि वायपर मोटर, ओम्नीचा क्लच, लोगनचा टायमिंग बेल्ट.

तर सगळ्यात पहिली तयारी पार्टची नाही, पाळीची आहे. कोणती गाडी कधी उभी राहू शकते ते घरातल्यांना विचारून कॅलेंडरवर लिहायचं. भावाला ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की ओम्नी लागणार म्हणजे लागणार, तेव्हा "क्लच प्लेट यायचीये" हे कारण तो ऐकणार नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याचं फारसं अडत नाही. आमच्याकडे पोर्चखाली एकच गाडी बसते, म्हणजे पावसाळ्यात गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागायच्या आत उघड्यावरची कामं संपली पाहिजेत आणि पावसात पोर्चखाली ओम्नी. म्हणून पाळी ठरली ती अशी, मेमध्ये एट हंड्रेड, ती रस्त्यावर आली की मगच लोगन, आणि शेवटी ओम्नी. मध्ये कितीही मोह झाला, भंगारात कितीही भारी पार्ट सापडला, तरी दुसरी गाडी खोलायची नाही. पार्ट आणून माळ्यावर ठेवायचा. मागच्या वेळी माझं हेच चुकलं होतं, एकाची वाट बघता बघता दुसरीला हात घातला, मग तिसरीला.

दुसरी गोष्ट म्हणजे पार्ट हातात आल्याशिवाय गाडी खोलायची नाही. आता तुम्ही म्हणाल खोलल्याशिवाय कळणार कसं काय गेलंय ते, बरोबर आहे, म्हणून मी एक रविवार फक्त बघण्यासाठी ठेवतो. ड्रम काढायचा, फोटो काढायचे, व्हील सिलिंडर गळतोय का, ब्रेक शूचं लायनिंग किती राहिलंय, ड्रमला आतून कड आलीये का हे बघून परत सगळं बसवून संध्याकाळी गाडी चालती करायची. हे दोनदा काम वाटतं खरं पण त्या रविवारी जे कळतं त्यावर यादी बनते, आणि लेथवाल्याला ड्रम कधी आणू म्हणून आधीच फोन करता येतो. एक लक्षात ठेवा, ड्रममधली काळी धूळ फुंकायची नाही आणि हवा पण मारायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, पाण्याने भिजवून फडक्याने पुसायची.

आता जुने पार्ट. ब्रेकचं काहीही जुनं घ्यायचं नाही, शू, पॅड, होज, सिलिंडरची रबरं, सगळं नवीन. टायमिंग बेल्ट जुना घ्यायचा विचार जरी आला तरी थंड पाणी प्या. सीट बेल्ट, एअरबॅग नाही. टायर घेत असाल तर बाजूवर DOT या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातलं, वरून नक्षी कितीही चांगली दिसो. बाकी दरवाजा, काच, आरसा, फेंडर, वायपर मोटर, सेल्फ (स्टार्टर मोटर), डायनॅमो, रेडिएटरचा पंखा, सीट, डॅशबोर्डचे तुकडे हे जुने बिनधास्त घ्या. माझा हिशोब साधा आहे, जुन्याचा भाव नव्याच्या निम्म्याच्या वर गेला की नवीनच.

एट हंड्रेड आणि ओम्नीचं इंजिन एकच, तीन सिलिंडर ७९६ सीसी, त्यामुळे भंगारवाला "सगळं सेम आहे, डोळे झाकून न्या" म्हणतो. डोळे उघडे ठेवा. ओम्नीचं इंजिन सीटखाली गाडीच्या लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं, एट हंड्रेडचं आडवं बसतं आणि पुढची फिरवतं, म्हणजे इंजिनच्या पोटातलं बरंच जुळलं तरी बाहेर जिथे गिअरबॉक्स, माउंटिंग, पाइप यांचा संबंध येतो तिथे गल्लत होते. त्यात नंतरची पाच गिअरची, बारा व्हॉल्व्हची एट हंड्रेड आली तिचं हेड वेगळंच आहे. म्हणून तोंडी मॉडेल सांगायचं नाही, आपला जुना पार्ट पिशवीत घालून न्यायचा आणि शेजारी ठेवून बोल्टची भोकं मोजायची. लोगनचं उलटं आहे, लोगन म्हटलं की दुकानदार थेट नाही म्हणतो, पण तिचं १४६१ सीसीचं डिझेल इंजिन डस्टर, मायक्रा, सनी यांच्याच घरातलं. "डस्टर डिझेलचं आहे का" असं विचारलं की पोरगा शिडी लावून वर चढतो. फक्त डस्टर ८५ आणि ११० हॉर्सपॉवर अशा दोन ताकदींत होती आणि लोगन ६५ची, त्यामुळे टर्बो, सेन्सर असलं काही असेल तर पार्टवरचा नंबर जुळल्याशिवाय पैसे काढू नका.

घ्यायचं कुठे, तर अंबड लिंक रोडचा भंगार बाजार सगळ्यांना माहितीये, पण तो महापालिकेने २०१७च्या जानेवारीत उठवला, परत भरला, २०२५ला परत उठवला. म्हणून दुकानाचा पत्ता लक्षात ठेवण्यात अर्थ नाही, माणसाचा नंबर सेव्ह करा, तो कुठे गेला ते तोच सांगतो. इथे नाहीच मिळालं तर कुर्ला. पंचवटी एक्सप्रेसने कल्याणला उतरायचं, तिथून लोकल, आणि काय हवंय ते आदल्या दिवशी फोनवर फोटो पाठवून पक्कं करायचं, नाहीतर दिवस जातो आणि हातात वडापाव राहतो. येताना दरवाजाची काच डब्यात धरून बसलोय मी, लोक जागा देतात, काचेला.

सेल्फची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण यात मी लई तोंडावर पडलोय. सेल्फ दुकानातच तपासायचा, दुकानदाराकडे बॅटरी आणि जंप वायर असतेच. बॉडी पायाखाली घट्ट दाबून धरायची कारण करंट लागला की तो उसळतो, निगेटिव्ह बॉडीला, पॉझिटिव्ह मोठ्या बोल्टला, मग सोलेनॉइडच्या छोट्या टोकाला टच केलं की दातेरी पिनियन खटकन पुढे आलं पाहिजे आणि आवाज एकसारखा सुईंऽ असा, घरघर नको. दाते बोटाने चाचपायचे, टोकं झिजून चमचमत असतील तर ठेवून द्यायचा. शाफ्ट हलवून बघायचा, खडखडला तर बुश गेलंय. एवढं सगळं करून मागच्या वर्षी ओम्नीसाठी मी एक सेल्फ आणला, घरी बसवला, गाडी जैसे थे, नुसती कुथायची. परत घेऊन गेलो तर तो म्हणे हा आमचा पार्टच नाही, तिथे आमची चांगलीच जुंपली, चार लोक जमले. पुढे पंधरा दिवसांनी कळलं की सेल्फ पहिलाही चांगला होता आणि दुसराही चांगला होता, गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर औषधाच्या ड्रमांच्या गळतीने आतून हिरवी पडून सडली होती. नवी वायर टाकली, पहिल्या हाफ सेल्फात गाडी चालू. दुकानदाराला अजून सॉरी म्हणायला गेलो नाहीये.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या. एक, सेल्फ किंवा डायनॅमो विकत घ्यायच्या आधी मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, सेल्फ मारताना १०च्या खाली पार कोसळली तर आधी बॅटरी तपासा, आणि गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५च्या मध्ये दाखवत असेल तर डायनॅमोला उगाच शिव्या देऊ नका. मीटर चारेकशे रुपयांचा, पण मांडवलीपेक्षा स्वस्त. दुसरी सवय, जुना पार्ट घेतला की दुकानातच त्याच्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका आणि फोटो, आणि बिलावर "चालला नाही तर किती दिवसांत बदलून" हे त्याच्याच हाताने लिहून घ्यायचं. कच्चं बिल असलं तरी चालेल पण बिल पाहिजे. पूर्ण किंवा हाफ, म्हणजे हेडशिवायचं, इंजिन घेत असाल तर मात्र बिलाशिवाय हातच लावू नका, इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद करावी लागते आणि तो नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस चौकीत भंगारवाला तुमच्याबरोबर येत नाही. एट हंड्रेडचं आरसी नूतनीकरण दर पाच वर्षांनी, पुढचं २०२८ला, आणि २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारला त्याची फी १०,००० झालीये, म्हणून वायपर, हॉर्न, लाइट, ब्रेक ही कामं तेव्हा पेठ रोडच्या आरटीओला धावाधाव करण्यापेक्षा आताच.

जागेची तयारी. आमच्याकडे पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावर जॅक एका बाजूने खचतो, म्हणून खाली जाड प्लायचा तुकडा. दोन घोड्या, म्हणजे गाडीखाली लावायचे लोखंडी स्टँड, पाहिजेतच, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, विटांवर तर अजिबात नाही, वीट सांगून फुटत नाही. जी चाकं जमिनीवर आहेत त्यांच्या मागेपुढे ठोकळे. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची. गंजलेल्या नटांना दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ डब्ल्यूडी-फोर्टी, ऐन वेळी मारून काही होत नाही. दहा नंबरची गोटी (सॉकेट) दोन घेऊन ठेवा, एक हरवणारच आहे. नटबोल्टला आमच्याकडे श्रीखंडाचे डबे, प्रत्येक कामाला वेगळा, झाकणावर मार्करने गाडीचं नाव आणि तारीख. मागच्या वेळी एका डब्यात दोन गाड्यांचे बोल्ट गेले आणि तो डबा आईने धुऊन फ्रीजमध्ये लोणी ठेवायला घेतला, बोल्ट आजतागायत पूर्ण मिळाले नाहीत. काढलेलं ऑइल गटारात नाही ओतायचं, कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्यायचं, त्याच्याकडे उचलणारा येतो.

लोगनचा बेल्ट मी घरी करणार नाही. यूट्यूबवर सोपं दिसतं पण त्या इंजिनमध्ये बेल्टचा एक दाता जरी इकडचा तिकडे झाला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात आणि मग हेड उतरवायचं काम. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप, पंप त्याच बेल्टवर फिरतो म्हणून एकदमच, हे सगळं नवीन आणून मिस्त्रीकडे द्यायचं आणि आपण बाहेर चहा प्यायचा.

माणसांची यादी पण करा. ब्रेकची हवा काढायला दुसरा माणूस लागतोच, मी खाली आणि पुतण्या आत, "दाब... धर... धरून ठेव... सोड" असं तासभर, आणि तो मोबाइलवर असला की "धर"ला सोडतो आणि ऑइल माझ्या बाहीत. त्याच्या परीक्षा कधी संपतात ते विचारून ठेवलंय. ब्रेक ऑइलचा डबा सीलबंदच आणायचा, मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला नको, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाणी मारायचं.

आणि शेवटी काकांना आधीच विचारून आलो की ज्या दोन दिवसांत लोगन गॅरेजला आणि एट हंड्रेड नुकतीच बाहेर निघालेली असेल त्या दोन दिवसांत त्यांची वॅगनआर घरीच आहे ना, म्हणजे लागलीच तर. काका हो म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, घेऊन जा रे, पण तिचा हॉर्न दोन महिने झाले वाजत नाहीये, तेवढा बघून दे.